मामा आणि अक्षरांची जागा

अक्षराला किती जागा लागते हे अख्ख्या डिचोली तालुक्यात एकाच माणसाला कळतं आणि तो माझा मामा आहे, असं मी कुणापुढेही छातीठोकपणे सांगेन. आयुष्यभर त्याने दुकानांच्या पाट्या आणि खाणीच्या ट्रकांवरची नावं रंगवली. म्हापशाच्या बसमधून जाताना एखाद्या पाटीवरचा रफार वरच्या कडेला घासलेला दिसला, की तो मधेच उतरतो, दुकानदाराला समजावतो आणि मागच्या बसने येतो. मोपाच्या विमानतळावर लेकीला सोडायला गेला, तर फलकावर वेगवेगळ्या लिप्या शेजारी कशा बसवल्यात ते न्याहाळताना लेक कधी आत गेली ते त्याला कळलंच नाही. "उकाराक पाय पसरूक जागा व्हयी," हे तो येईल त्याला ऐकवतो. पत्रिका द्यायला आलेल्या नवरदेवालाही.

मी वेबसाइट बनवतो. काजूचा हंगाम तोंडावर आला तेव्हा आमच्याकडच्या एका आरोग्य केंद्रासाठी मी साप चावल्यावर काय करावं याचं पान तयार केलं होतं, इंग्रजी, मराठी आणि बागांत कामाला येणाऱ्या कर्नाटकातल्या मजुरांसाठी कन्नडमध्ये. प्रत्येक सूचनेचा चौकोन इंग्रजी मजकुराच्या मापाने आखलेला. मजकूर मावला नाही तर पुढे तीन टिंबं. माझ्या मोठ्या स्क्रीनवर सगळं देखणं दिसत होतं. मामाने ते स्वतःच्या फोनवर उघडलं. नजर अधू झाल्यामुळे त्याने फोनवरची अक्षरं मोठी करून ठेवलेली. तो मोठ्याने वाचू लागला आणि एका चौकोनापाशी अडला.

"चावलेल्या जागेच्या वर घट्ट दोरी बांधू..." त्याने मान वर केली. "फुडचां खंय गेलां रे?"

पुढचं 'नका' कापलं गेलं होतं.

"इंग्लिशीत नकार पयलो येता," मामा शांतपणे म्हणाला. "आपल्यात तो शेवटाक. शेंपूट कापलंस तर अर्थच उलटता."

"अक्षर बारीक करतो," मी घाईघाईने म्हणालो.

"मगे माझ्यासारख्यान वाचूचां कसां? पेटी वाढय."

मग त्याने कन्नड पान मागितलं. त्याला कन्नड वाचता येत नाही. ट्रकांवरची कन्नड नावं तो कागदावरचं बघून रंगवायचा. तरी एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "ह्यांचे पाय कापलेले आसत." कन्नडात जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लटकतो, नेमका तोच छाटला गेला होता. दुपारभर तो शेजारी बसला आणि मी मजकुराप्रमाणे वाढणारे चौकोन केले, प्रत्येक लिपीला ओळींमधलं वेगळं अंतर दिलं.

ऐन हंगामात केंद्रातून फोन आला. लाटंबार्सेतल्या काजूच्या बागेत एका मजुराला साप चावला होता. बायकोने फोनवर ते पान वाचलं आणि पाय न बांधता त्याला वेळेत आणलं. माणूस वाचला होता. मी धावत मामाकडे गेलो.

"खंयच्या भाशेत वाचल्यान तिणां?" त्याने विचारलं.

"कन्नडमध्ये."

मामाने फोनवर कन्नड पान उघडलं आणि ओळींवरून बोट फिरवलं.

"इतकी वर्सां रंगयली," तो हळूच म्हणाला, "पण ती लिपी शिकूची रवलीच रे."