कपाच्या बुडावर लावलेली धार

धारकाका चाळीस वर्षं त्या बड्या रेस्टॉरंटमध्ये जात होते, पण मागच्या दारानं. दर मंगळवारी सकाळी भटारखान्यात सुऱ्यांचा ढीग पुढ्यात घ्यायचा, देवाचं नाव घेऊन दगड ओला करायचा आणि दुपारपर्यंत मान वर करायची नाही. पुढच्या दारानं ते पहिल्यांदा गेले, ते लेकीच्या होणाऱ्या सासू-सासऱ्यांनी जेवायला बोलावलं तेव्हा.

"बाबा, आज कामाचं काही बोलायचं नाही हं," लेकीनं निघताना बजावलं आणि त्यांच्या खिशातला धारेचा छोटा दगडही काढून ठेवला. "मी त्यांना सांगितलंय, तुमचा स्टीलच्या वस्तूंचा व्यवसाय आहे."

काकांना हे मुळीच रुचलं नाही. पण आईविना वाढवलेली एकुलती एक पोर. तिचं जमत आलेलं आपल्या तोंडामुळे मोडायला नको, म्हणून त्यांनी मान डोलावली.

आत पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ. वाढपी इतका हळू बोलत होता, की जणू शेजारच्या खोलीत कुणी आजारी झोपलंय. सूप झालं, मग भाजलेल्या मांसाचे जाड तुकडे आले. विहीणबाईंची सुरी त्यावरून नुसतीच घसरायला लागली.

"मेलं हे कापायचंय की कुरवाळायचंय?" त्या म्हणाल्या.

काकांनी दोनदा दुसरीकडे पाहिलं. तिसऱ्यांदा सुरी ताटावर खणकन आपटली, तेव्हा मात्र त्यांच्या हातांना राहवेना.

"द्या इकडे."

त्यांनी सुपाचा रिकामा कप रुमालानं पुसून उपडा केला. कपाच्या बुडाशी एक खरखरीत कडं असतं, त्यावर पातं तिरकं धरून चालवलं. सर्र, सर्र. आजूबाजूच्या माना वळल्या. वाढपी धावत आला. लेकीनं टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. काकांनी पाय मागे घेतला, हात नाही.

विहीणबाईंची सुरी आता लोण्यातून जावी तशी गेली. "अहो, हे कुठं शिकलात?"

"बाबांना ना, असल्या गोष्टींचा छंद आहे," लेक घाईघाईनं म्हणाली.

छंद! काकांनी बोटांवरचे घट्टे पाहिले.

"छंद नाही हो, पोटापाण्याचं काम आहे. मी धार लावतो. इथल्या भटारखान्यातली प्रत्येक सुरी माझ्या हाताखालून जाते. टेबलावरच्या तेवढ्या कुणी माझ्याकडे देत नाही, ते तुम्ही पाहिलंतच."

विहीणबाई लेकीकडे वळल्या. "मग स्टीलचा व्यवसाय का सांगितलास गं?"

लेकीची मान खाली गेली. मग तिची तिनंच वर केली. "वाटलं, तुम्ही नाही म्हणाल. चुकलं माझं. माझे बाबा धार लावतात, आणि त्यांच्यासारखी धार गावात कुणालाच लावता येत नाही."

"चुकलं तर चुकलंच!" विहीणबाई कडाडल्या. "अगं, मी शिवणकाम करणारी बाई. महिनाभर चांगला धारवाला शोधतेय, आणि तू घरात लपवून ठेवलास!"

व्याह्यांना हसता हसता ठसका लागला.

"रविवारी घरी या," डोळे पुसत ते म्हणाले. "तारीख ठरवून टाकू."

"येतो. पण कात्र्या त्याआधी पाठवा," काका म्हणाले. "बोथट कात्रीनं लग्नाचे कपडे बेतायचे नाहीत." आणि वाढप्याच्या तोंडाकडे न बघता त्यांनी व्याह्यांचीही सुरी पुढ्यात ओढली.