वाकडं कोंदण

“मेमसाब, आपका हाथ बहुत साफ है,” सोनारकाका कर्नलच्या बायकोला म्हणाले. मी मान खाली घालून माझा अकीकाचा खडा घासत राहिले. सदरच्या छावणीतल्या क्लबात चालणाऱ्या आमच्या दागिने घडवण्याच्या वर्गात हे वाक्य ते प्रत्येकीला ऐकवत.

काका घमापुराहून सायकलवर येत. खड्याचा रंग पाहायला ते त्याला जिभेची ओल लावत आणि खिडकीशी धरत. मेमसाहेब तेव्हा तोंड फिरवत. वर्ग सुटला की सगळ्यांचं काम फडक्यात बांधून ते झिलई द्यायला घरी नेत.

एकदा माझ्या अंगठीवरचा कानशीचा खोल ओरखडा असाच नाहीसा होऊन आला. तेव्हा मला कळलं, की बाकीच्यांची कोंदणंही तेच सरळ करतात. मी त्यांना हळूच मराठीत विचारलं.

“काय सांगू ताई,” ते म्हणाले, “काम बिघडलं तर ह्या येणं सोडतीन. मग हा वर्ग कोणासाठी चालन?”

मी कुणाला बोलले नाही.

वर्गाच्या प्रदर्शनात मांडायला मी आईसाठी गळ्यातलं पदक केलं. कोंदण एका बाजूला कललं होतं, पण खडा पक्का बसला होता. काकांनी त्यावर अंगठा फिरवला आणि फडकं पसरलं.

“द्या ताई. उद्या पाहाल कसं होते ते.”

भोवती सगळ्या उभ्या होत्या. त्यांच्यात मराठी कुणालाच कळत नव्हती. मी पदक मुठीत धरलं.

“नाही काका, हे वाकडंच राहू द्या. हे मी केलंय.”