विनायकचं हलकं प्लास्टिक

मेधाचा फोन आला तेव्हा मी दादरच्या मंडईत होतो. ‘काका, बाबा गेले,’ एवढंच म्हणाली. महिना उलटला, पण मला अजून रागच येतो... विनायकचा नव्हे, त्याच्या नशिबाचा.

परळच्या गिरणीच्या प्रयोगशाळेत आम्ही शेजारी बसायचो. संपाने दोघांनाही घरी बसवलं. मी विम्याची कामं धरली, तो शिवडीच्या एका प्लास्टिकच्या बादल्यांच्या कारखान्यात लागला. त्याची मेधा तेव्हा लहान, पोलिओने पाय अधू झालेला. एवढ्याशा पोरीच्या पायात लोखंडी कॅलिपर... त्याच्या जागी काचेचे तंतू मिसळलेल्या प्लास्टिकचा हलका कॅलिपर करायचा, हाच ध्यास त्याने घेतला. साच्याची उष्णता, तंतूंचं प्रमाण, थंड करायचा वेळ, सगळं आराखडा आखून एकत्र बदलायचं, म्हणजे मोजक्या नमुन्यांत कशाचा किती परिणाम ते कळतं, हे तो मला चहा गार होईपर्यंत समजवायचा. कुठला नमुना आधी, ते मात्र भिशीसारखं चिठ्ठी उचलून. ‘अरे, सकाळची हवा वेगळी, दुपारची वेगळी. चिठ्ठी काढली की हवेची लबाडी सगळ्या नमुन्यांत वाटली जाते.’

मालकाने हे नमुने काढायला एकदाच परवानगी दिली, आणि नेमका त्याच दिवशी विनायक तापाने पडला. मशीनवरच्या सावंतांनी जीव ओतून काम केलं. साचा सारखा तापवायला नको म्हणून गरम साच्याचे सगळे नमुने त्यांनी सकाळीच काढले. सकाळभर पाऊस, प्लास्टिकचे दाणे दमट. ते नमुने पटापट तडकले. साच्यामुळे की ओलीमुळे, कोण सांगणार? ‘अवो, चिठ्ठये म्हागेफुडे झाले म्हणान काय बिघाडला? तुमचो येळ वाचयलो मी!’ सावंत म्हणाले. मी असतो तर खेकसलो असतो. विनायकने त्यांना चहा पाजला. मालक म्हणाला, पुरे आता, बादल्या काढा.

पुन्हा एकदा करू द्या, असं भांडून मागायला हवं होतं त्याने. नाही मागितलं... हलके कॅलिपर पुढे बाजारात आले, पण तोवर मेधा लोखंडावरच मोठी झाली होती. तिला दुसरं काही जमेचना.

परवा नायगावला त्यांच्या घरी गेलो होतो. मेधा कामावरून यायची वेळ. जिन्यात लोखंडाचा आवाज सुरू झाला की विनायक हातातलं टाकून उठायचा आणि ती वर पोचायच्या आत दार उघडून उभा राहायचा. परवाही तो आवाज एकेक पायरी वर आला. वहिनी आणि मी एकमेकांकडे बघत बसून राहिलो... आणि मग बाहेरून कडी वाजली.