एकट्यानं खायचं नाही

मेइतामेईनं उभ्या आयुष्यात एकट्यानं घास खाल्ला नव्हता. आमच्या गुराख्यांच्या मुलखात, लोईताच्या डोंगरात यात फारसं नवल नाही. पोरं भाला घेऊन गुरांमागं हिंडतात त्या वयात नियमच असतो, की बरोबरीचा सोबती शेजारी असल्याशिवाय दूध तोंडाला लावायचं नाही. मग भुकेनं डोळ्यांपुढं अंधारी आली तरी चालेल. पुढं लग्न होतं, माणूस वडीलधाऱ्यांत जमा होतो, नियम सुटतो आणि बायकोच्या हातचं घरात बसून खाता येतं. बहुतेकांना त्या दिवसाची घाईच झालेली असते. मेइतामेई, कुंताई आणि पार्मुआत या तिघांनी मात्र नियम सोडला नाही. तिघांची सुंता एकाच पावसाळ्यात झालेली, गुरं एकाच पाणवठ्यावर वाढलेली. केस पिकले तरी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमायचे आणि वाळवलेल्या भोपळ्याच्या एकाच भांड्यातून दूध प्यायचे. त्यांच्या बायकांनी यावर बोलणं केव्हाच सोडून दिलं होतं.

खाणं म्हणजे दूध, मांस आणि चरबी. भाजीपाल्याला आमचे जुने लोक गवत म्हणतात, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाहीत. मेइतामेईचे वडील हेच खाऊन नातवांची लग्नं लावून गेले. मग कोरडी वर्षं आली, निम्मी गुरं गेली, उरलेली पोरांनी सांभाळायला घेतली. मेइतामेईला मोबाइलच्या टॉवरखाली राखणदाराचं काम मिळालं. काम म्हणजे खुर्चीत बसणं. शेजारच्या टपरीवरून साखरेनं दाट झालेला चहा यायचा, तळलेलं मांस यायचं, चपात्या यायच्या. खाणाऱ्याला वाटायचं आपण बापासारखंच खातोय.

एके सकाळी त्याच खुर्चीत त्याच्या छातीत असं काही दाटून आलं की हातातला कप निसटला. नारोक शहराच्या दवाखान्यात किसीकडची एक डॉक्टरीण होती. किसी म्हणजे गवत खाणारी माणसं, त्यामुळे मेइतामेईनं आधीच तोंड वाकडं केलं.

"चरबी बंद," बाई म्हणाल्या. "पालेभाजी खायची, घेवडा खायचा. आणि चालायचं."

"माझा बाप चरबी खाऊनच म्हातारा झाला, पोरी."

"बाबा, तुमचे वडील दिवसभर गुरांमागं चालायचे. त्यांचं खाणं तुम्ही ठेवलंत आणि चालणं विकून टाकलंत."

त्याला मरणाची भीती वाटली हे खरं होतं. धाकट्या लेकीचं, सियामांतोचं लग्न व्हायचं होतं आणि ते बघितल्याशिवाय जायची त्याची तयारी नव्हती.

त्याची बायको नूनकिशू, तिनं नवऱ्याला एका शब्दानं विचारलं नाही. गोठ्याशेजारी काट्यांचं कुंपण घालून तिनं सुकुमाची रोपं लावली. हिरवीगार, जाड पानांची भाजी उगवली आणि वस्तीतल्या शेळ्या कुंपणाबाहेर रांग लावून उभ्या राहायला लागल्या.

"सियामांतोचे बाबा, जेवायला या," ती म्हणायची.

तो यायचा, ताटली उचलायचा आणि घरामागं जाऊन बसायचा. सोबत्यांसमोर गवत खायचं त्याच्या जिवावर यायचं. पाला चावताना कुंताई काय म्हणेल ते त्याला आधीच ऐकू यायचं. मग संध्याकाळी कुंताईच्या घरचं बोलावणं आलं की तो म्हणायचा, पोट बिघडलंय. पार्मुआतच्या घरचं आलं की म्हणायचा, टॉवरवर रात्रपाळी आहे. असं करत पावसाळा सरला. औषधं चालू होती, छाती शांत होती. पण अन्न गोड लागत नव्हतं. भिंतीकडं तोंड करून खाताना त्याला वाटायचं, जगायला म्हणून हे गिळतोय आणि ज्यांच्यासोबत जगायचं त्यांनाच तोंड चुकवतोय.

एके दिवशी मीठ मागायला तो वळला तर कोपऱ्यावर कुंताई काठीवर रेलून उभा. किती वेळ उभा होता देव जाणे.

"हे काय चाललंय?"

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय," मेइतामेई पुटपुटला. "चरबी नको म्हणाल्या. गवत खा म्हणाल्या."

"ते दिसतंय. शेळ्या आशेनं बघतायत तुझ्याकडं. मी विचारतोय, एकटा का बसलायस?"

मेइतामेईनं ताटली खाली ठेवली.

"आमचा बैल चोरला असतास तर मी समजून घेतलं असतं," कुंताई म्हणाला, आणि आता त्याचा आवाज चढला होता. "दुष्काळात एक भोपळा दूध तिघांनी पुरवलंय आपण. आणि तू भिंतीआड बसून खातोस? आम्ही मेलो का?"

त्यानं वळून पार्मुआतला हाक मारली. शेजारच्याच आवारात राहणारा पार्मुआत आला. दोघं मांडी घालून बसले. कुंताईनं ताटलीत हात घातला, भाजीचा मोठा घास तोंडात कोंबला आणि त्याचा चेहरा कडू औषध पाजलेल्या वासरासारखा झाला. पण त्यानं तो गिळला.

"ओंगळ आहे," तो म्हणाला. "उद्या माझ्या घरी. तुझ्या बायकोला सांग, पाला पाठवून दे."

मेइतामेईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखट लागलं म्हणावं तर भाजीत मिरची नव्हती.

त्या दिवसापासून तिघंही सुकुमा आणि घेवडा खायला लागले. कुंताई रोज शिव्या देत खायचा. पार्मुआत शांत माणूस, पण त्याचं डोकं चालायचं. तो म्हणायचा, दोष चरबीचा नाहीच. आपले लोक मांसाच्या रश्शात कडू साली उकळायचे, त्या तू सोडल्यास. पुढच्या तपासणीला दोघंही सोबत गेले आणि त्यानं बाईंना हे तोंडावरच विचारलं.

त्या हसल्या नाहीत. "तुमच्या जुन्या लोकांची हृदयं धडधाकट होती, असं मीही ऐकलंय. ती चालण्यानं होती, सालींनी होती की आणखी कशानं, यावर शिकलेली माणसं अजून भांडतायत. मला फक्त यांच्या हृदयाच्या नळ्या ठाऊक आहेत, आणि त्या चरबीला जागा देत नाहीत."

"म्हणजे तुम्हालाही नक्की माहीत नाही," कुंताई म्हणाला.

"सगळं नाही माहीत, बाबा."

बाहेर येताना कुंताई म्हणाला, "बाई खरं बोलते. हिचं ऐकायला हरकत नाही." त्यानंतर त्यानं मेइतामेईला टॉवरची नोकरी सोडायला लावली. घरी आणलेली खुर्ची नूनकिशूच्या कोंबड्यांनी घेतली. तिघं म्हातारे रोज गुरांमागं चालायला लागले आणि पोरं तक्रार करायला लागली की आमच्या कामात यांची लुडबुड फार.

सियामांतोचं लग्न झालं. बापानं नवरीच्या छातीवर दूध शिंपडून आशीर्वाद दिला. त्यानं वर बघून मनातल्या मनात आमच्या देवाचे, एन्काईचे आभार मानले.

मग कोरड्या दिवसांत ओलपुल ठरलं. म्हणजे बायकामाणसांपासून दूर जंगलात जाऊन बैल कापायचा आणि तो संपेपर्यंत तिथंच राहायचं. चढ मोठा होता, पण मेइतामेई न थांबता चढला. पाठीवर घेवड्याची पिशवी आणि सुकुमाची जुडी होती. त्यानं दगडावर आपलं छोटं भांडं चढवलं. शेजारी बैल भाजला जात होता आणि चरबी निखाऱ्यांवर चुरचुरत होती. त्या वासानं तरुण पोरं वेडी झाली होती.

वशिंडाची चरबी वयानं मोठ्यांचा मान असतो. पोरांनी ती पानावर ठेवून तिघांपुढं आणली. कुंताईनं तिच्याकडं बघितलं आणि पान मागं सारलं. पार्मुआतनंही मान फिरवली. वर्षभर दोघांनी चरबीला हात लावला नव्हता, हे मेइतामेईला त्या क्षणी कळलं. त्याला इतके दिवस वाटत होतं, आपल्याकडून गेल्यावर ते घरी खात असतील. ते उपाशी पोटी नाही, पण अर्ध्या पोटी झोपत होते.

त्यानं पान ओढून घेतलं. सुरी काढली, चरबीचा जाड तुकडा कापला आणि कुंताईच्या तोंडापुढं धरला.

"खा."

"तू खाणार नसशील तर नाही."

"एकट्यानं खायचं नाही, एवढाच नियम आहे," मेइतामेई म्हणाला. "सगळ्यांनी एकच खायचं असं कुणी सांगितलंय? मी इथं बसलोय ना? माझ्या पायी तुम्ही वर्षभर गवत खाल्लंत. तुम्ही होता म्हणून मी पोरीचं लग्न बघितलं. आता हे माझ्या हातानं खा, नाहीतर मला माझा पाला पचणार नाही."

कुंताईनं तोंड उघडलं. पार्मुआतनंही उघडलं. मेइतामेईनं दोघांना स्वतःच्या हातानं भरवलं आणि मग आपलं भांडं पुढं घेतलं. दोघं डोळे मिटून चावत राहिले. त्यांच्या हनुवटीवरून चरबी ओघळत होती आणि ते बघताना मेइतामेईचं पोट भरत होतं.

कुंताईनं तुकडा संपवला, हात गवताला पुसला आणि सवयीनं मेइतामेईच्या भांड्यात घातला. पाला तोंडात टाकून तो चावायला लागला.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.