डाव्या चाकातला आवाज

दोन वर्षं मी देवाशी अबोला धरला होता. आमच्या घरी आंघोळ, मग देवपूजा आणि मग चहा, हा क्रम माझ्या लग्नापासून कधी चुकला नव्हता. पण आमच्या एकुलत्या एक लेकीचं, सोनूचं, पहिलं मूल पोटातच तिसऱ्या महिन्यात गेलं आणि दुसरं सहाव्यात. तेव्हापासून मी आंघोळ करून सरळ चहाला बसू लागलो. बायको एकटीच देवघरात बसायची. मला ती एका शब्दानं बोलली नाही. मीच एकदा वैतागून म्हणालो, “तुह्या देवाले आयकू येत असतं, तं दोनदा आयकलं असतं.” ती खाली मान घालून निरांजनाची वात सारखी करत राहिली. त्या दिवशी मी तिला किती दुखावलं असेल, हे मला आता कळतं, आणि आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

यंदा सोनूला तिसऱ्यांदा दिवस गेले. आम्ही कोणाजवळ बोललोसुद्धा नाही. आनंद करायचीच भीती वाटत होती. बघता बघता सातवा महिना सरत आला. आमच्याकडे लेकीला बाळंतपणासाठी माहेरी आणायचं ते सातव्यात, नाहीतर नवव्यात. आठव्यात तिला हलवत नाहीत. नवव्यापर्यंत थांबायची आमची छाती नव्हती. तिचं सासर करडीला, तिथून मोठा दवाखाना लांब. आणि तुमसरला आमच्या घरापासून दवाखाना हाकेच्या अंतरावर. डॉक्टरीणबाईंनी आणायला परवानगी दिली, पण बजावून सांगितलं की गाडी सावकाश चालवा, तिला गचके बसू देऊ नका. जावई नोकरीसाठी बाहेरगावी, त्यामुळे आणायचं काम माझ्याकडे आलं. सातवा संपायला चार दिवस उरले होते.

मी राईस मिलमध्ये फिटर होतो. तीस वर्षं तेच काम केलं. मिलच्या दारातून आत शिरतानाच कोणत्या मशीनचं बेअरिंग रडतंय, हे मी सांगायचो, आणि त्याचा मला गर्व होता. आमची गाडी जुनी, ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचं. चाक उघडून पाहिलं, तर पॅड पार घासून गेलेले आणि डिस्कवर बोट अडकेल अशा खाचा पडलेल्या. लेकीला ह्या गाडीत बसवायचं म्हटल्यावर मी दोन्ही बदलायचं ठरवलं. शेजारच्यांनी चांगलं गॅरेज सुचवलं. मी म्हणालो, माझ्या लेकीची गाडी दुसऱ्याच्या हाती देणार नाही. जिथे देवावर भरवसा उरला नव्हता, तिथे मेकॅनिकवर कुठून ठेवणार!

भंडाऱ्याहून नव्या डिस्क आणि पॅड आणले. डिस्कवर गंज चढू नये म्हणून कंपनीतून तेलाचा थर देतात, तो पेट्रोलनं पुसून काढला. उजवं चाक पूर्ण झालं. डाव्या चाकाची डिस्क बसवली, पॅड बसवले, आणि पॅड धरून ठेवणारा लोखंडी जबडा, म्हणजे कॅलिपर, त्याच्या दोन जाड बोल्टांवर लावला. हे बोल्ट मी आधी नुसते हातानं फिरवून लावले. मिलमध्ये आमची तशीच पद्धत होती. बोल्ट हातानं लावायचे, मशीन रिकामी फिरवून पाहायची, सगळं आपापल्या जागी बसलं की मग पान्यानं शेवटचा कस द्यायचा. मी डिस्क हातानं फिरवून पाहत होतो, तेवढ्यात बायको पूजेचं ताट घेऊन अंगणात आली.

“अजी, चाक लावू नका आत्ताच. चाक लावल्यावर हे नवं सामान दिसनच नाही, मंग पूजा कायची करू?”

मी कपाळाला हात लावला. तिनं हळदीकुंकवाचं बोट डिस्ककडे नेलं, तसा मी ओरडलो की तिथे काही लावू नको, ब्रेक लागायचा नाही. तिनं गुपचूप मधल्या नटाला बोट टेकवलं. अगरबत्ती ओवाळली. मग जॅकजवळच्या दगडावर नारळ हाणला. पहिल्या फटक्यात फुटला नाही, दुसऱ्या फटक्यात असा फुटला की पाणी माझ्या तोंडावर उडालं आणि करवंटीचे तुकडे अंगणभर झाले. “झालं का आता? पोरीचं पोट काय नारळानं सांभाळल्या जाते?” मी बोललो. तिचे डोळे भरले. तिनं खोबऱ्याचा तुकडा माझ्या काळ्या हातावर ठेवला आणि आत निघून गेली. मी तो तोंडात टाकला, चाक चढवलं, त्याचे नट करकचून आवळले आणि जॅक काढून घेतला. राग आणि ओशाळेपणा एकदमच आला होता. कॅलिपरच्या बोल्टांना शेवटचा कस द्यायचा राहिला, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच करडीला निघालो. गावाबाहेर पडलो तोच डाव्या चाकातून बारीक खरखर सुरू झाली. मी फारसं मनावर घेतलं नाही. नवा पॅड आणि नवी डिस्क यांची ओळख व्हायला थोडा वेळ लागतो, सुरुवातीला ते घासतातच. करडीला पोचेपर्यंत मात्र आवाज वाढला होता. मी चाकाच्या भोकांतून बॅटरी मारून पाहिलं, काही दिसलं नाही. चाक उघडायला हवं होतं. पण सोनूच्या सासूबाई ओटी भरून तयार बसल्या होत्या आणि सगळ्यांदेखत, काल आपणच केलेलं काम उघडण्यात मला कमीपणा वाटला.

परतीला सोनू मागच्या सीटवर दोन उशा घेऊन बसली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे कडपे उन्हात सुकत पडले होते. मी बैलगाडीच्या चालीनं गाडी हाकत होतो, आणि चाकातून जात्यासारखी घरघर येत होती. मी मनातल्या मनात पडताळा घेत होतो. ब्रेक दाबला तरी आवाज तेवढाच, सोडला तरी तेवढाच. म्हणजे पॅडचा दोष नाही. गाडीचा वेग वाढला की आवाजाचा वेग वाढतो. म्हणजे चाकाबरोबर फिरणारं काहीतरी घासतंय. मग बेअरिंग असेल का? हळूच डावीउजवीकडे वळवून पाहिलं, फरक नाही. तीस वर्षांची विद्या पणाला लावली, पण उलगडा होईना. पुढे वैनगंगेचा पूल, त्याच्या अलीकडे उतार. आरशात सोनूचा चेहरा दिसला. तिनं दोन्ही हात पोटावर घट्ट धरले होते.

“बाबा, थांबवा ना जी गाडी. हा आवाज मले सहन नाही होऊन रायला. बाळ घाबरून रायलं असन.”

मी बाजूला गाडी लावली. खाली उतरलो आणि का कोण जाणे, दोन वर्षांत पहिल्यांदा मनातून आलं, “आता तूच पाह्य रे बापा.” हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत. हरलेला माणूस म्हणतो, तसं म्हणालो.

बाजूच्या बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, एक गृहस्थ विळा खाली ठेवून येताना दिसले. माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठे, खांद्यावर दुपट्टा. आल्या आल्या त्यांनी आधी सोनूकडे पाहिलं आणि दुपट्टा रस्त्याकडेच्या मोहाच्या झाडाखाली अंथरला. “बस बाई, तू सावलीत बस.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “दादा, गाडी लय दुरून रडत येऊन रायली जी. काहून?”

“नवीन ब्रेक टाकले. मीच टाकले. फिटर आहो मी,” मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

“मी बी बसच्या वर्कशॉपात होतो जी, आता रिटायर. जरा दोन हात पुढे घ्या अन् ब्रेक दाबा.”

मी गाडी पुढे घेतली, ब्रेक दाबला. ते खाली वाकून कान देऊन होते. मला पुन्हा घ्यायला लावलं. मग खिडकीशी येऊन हळूच विचारलं, “खरखर तं आयकू येते, पण त्याच्या आतून टक वाजते, ते आयकलं का तुमी?”

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांनी तिसऱ्यांदा ब्रेक दाबायला लावला. मी कानात प्राण आणून ऐकलं, तरीही नाही. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि मी नजर चुकवली. टीव्हीचा आवाज मोठा ठेवता म्हणून बायको बोलायची, तेव्हा मी तिलाच वेड्यात काढायचो. मिलच्या धडधडाटात माझे कान कधीचेच गेले होते आणि मी ते मानायला तयार नव्हतो.

माझी हत्यारांची पिशवी डिकीत होतीच. दोघांनी मिळून चाक उतरवलं. डिस्कच्या मागे धूळ अडवायला एक पातळ पत्रा असतो. त्या पत्र्याच्या आणि डिस्कच्या फटीत त्यांनी पेचकस घातला आणि एक काळपट तुकडा बाहेर काढला. नखाएवढी करवंटी, घासून घासून गुळगुळीत झालेली. मला हसूच फुटलं. म्हणालो, “बायकोनं काल नारळ फोडला होता जी. हाच तो.” जीव भांड्यात पडला. मी चाक उचलायला वाकलो.

“थांबा,” ते म्हणाले. “हा खरखरचा इलाज झाला. टक अजून बाकीच हाय.”

त्यांनी कॅलिपरला हात घातला आणि हलवलं. तो अख्खा जबडा त्यांच्या हातात डुलला. वरचा बोल्ट बोटानं फिरत होता. खालचा दोनच आट्यांवर लटकला होता. मी रस्त्यावर बसलो. उतारावर ब्रेक दाबला असता आणि तो बोल्ट गळून पडला असता, तर चाक जागीच अडकलं असतं किंवा ब्रेक लागलाच नसता, आणि मागच्या सीटवर माझी लेक होती. त्यांनी काही विचारलं नाही. मी फिटर असल्याची आठवणही करून दिली नाही. पान्यानं दोन्ही बोल्ट आवळले, मग पाना माझ्या हातात देऊन म्हणाले, “आता तुमी कस द्या. तुमच्या मनाची खातरी होऊ द्या.” मी कस दिला. मग त्यांनी उजवं चाकही उघडायला लावलं आणि ते नीट असल्याचं पाहूनच समाधान मानलं.

सोनू झाडाखालून विचारत होती काय झालं म्हणून. मी तोंड उघडायच्या आधीच ते म्हणाले, “काही नाही बाई, तुह्या आईच्या नारळाची करवंटी अडकली होती.” करवंटीचा तुकडा त्यांनी दुपट्ट्याच्या टोकानं पुसून माझ्या तळहातावर ठेवला. मी त्यांच्या पायाशी वाकलो, तर त्यांनी मला धरलं.

“तुमी देवासारखे आले,” मी म्हणालो.

“आमच्या घरी देव-गिव नाही जी. आम्ही बुद्धाचे,” ते हसून म्हणाले. “आवाज आयकला, आलो. पोरगी दिसली, म्हणून धावत आलो, इतलंच. जय भीम.” आणि विळा उचलून पुन्हा धान कापायला गेले.

मी ह्यावर पुष्कळ विचार केला आहे. बोल्ट ढिला राहिला तो माझ्या चुकीनं, आणि माझ्या बहिऱ्या कानांना त्याचा आवाज कधीच कळला नसता. करवंटी नसती, तर गाडी गुपचूप चालली असती आणि मी समाधानानं उतार उतरलो असतो. ज्या नारळाला मी हिणवलं, त्याचाच एक तुकडा वाटभर ओरडत राहिला. आणि तो ओरडा ज्यांनी ऐकला, ते नारळ फोडणारे नव्हते. कोणी म्हणतं योगायोग, म्हणोत. मी वाद घालत नाही. सकाळची पूजा आता आम्ही दोघं करतो, आणि रोज त्या गृहस्थांचीही आठवण काढून नमस्कार करतो. पूजा करताना मी देवाजवळ मागत मात्र काही नाही. पूर्वी माझी प्रार्थना म्हणजे हुकूमच असायचा.

सोनूला नवव्यात मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. घरात बारशाची गडबड झाली, पाहुणे येऊन गेले. बायको येईल त्याला करवंटीची गोष्ट सांगायची आणि मी मान डोलवायचो. ढिल्या बोल्टाबद्दल मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या भल्या माणसानं माझी लाज झाकली होती आणि मी ते पांघरूण ओढून बसलो होतो. पण नातीला पाहिलं की माझं मन मला आतून खायचं. मला तिला जवळ घेणं होईना. सर्दी आहे, हात मळले आहेत, असं काहीबाही सांगून मी टाळायचो.

सव्वा महिना झाल्यावर एका दुपारी सोनू बाळाला मांडीवर घेऊन ओसरीत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. हातानं लावलेले बोल्ट, आईवर केलेला राग, कमीपणा वाटला म्हणून करडीला न उघडलेलं चाक, बहिरे कान. “माह्या हातून तुमी दोघी गेल्या असत्या, बेटा,” असं म्हणताना मला रडू आवरलं नाही. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती, ते मला नंतर कळलं.

सोनू बाळाच्या डोक्यावरचं टोपरं नीट करत राहिली. मग तिनं बाळाला उचलून माझ्यापुढे धरलं.

“घ्या बाबा हिले,” ती म्हणाली. “कव्हाची धरून बसली आहो, हाताले रग लागली माह्या.”