अडतिसावा भाग

लुआन चेनशानला राग यायला कारण लागत नसे. चहा गार आला तरी राग, गरम आला तरी राग. पण १९८३ साली त्याला खरोखरचं कारण मिळालं, आणि ते दोनशे ऐंशी पानांचं होतं.

चेनशान कथेकरी. एक मेज, एक घडीचा पंखा आणि मेजावर आपटायचा लाकडी ठोकळा, एवढ्या भांडवलावर त्यानं अठ्ठावीस वर्षं काढली होती. आमच्या पोलादी भट्ट्यांच्या गावात दुपारी साडेबारा वाजले की रेडिओवर त्याचा आवाज सुरू व्हायचा, आणि भट्टीवरचा माणूस डब्याचं झाकण हातात धरून तसाच बसून राहायचा. लढाया, घोडे, रुसलेले सरदार, फितूर प्रधान, सगळी फौज त्याच्या जिभेवर. अर्धा तास संपताना तो अशी काही गाठ मारायचा की दुसऱ्या दुपारपर्यंत माणसाला चैन पडू नये. आणि मारलेली गाठ तो सोडवायचाच. कथेकऱ्याची अब्रू म्हणजे तेवढीच. गाठ मारून पळाला तो कथेकरी नव्हे, भामटा.

रेडिओचे संचालक मेंग साहेब एक दिवस म्हणाले, "लुआन मास्तर, घोडे पुरे झाले. जमाना विज्ञानाचा आहे. हे घ्या."

पुस्तकाचं नाव 'बंद आकाश'. लिहिणारी गावातलीच, शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारी शांग लानइंग. गोष्ट अशी, की माणसं दूरदूरच्या ताऱ्यांवर जाऊन राहिली आहेत आणि एके दिवशी वाटच बंद होते. सोडलेली यानं आपोआप माघारी फिरतात, निरोप जात नाहीत, येत नाहीत. आपली माणसं तिकडे, पृथ्वी इकडे एकटी.

चेनशाननं ते दोनदा वाचलं आणि घरी येऊन बायकोसमोर आपटलं. "अगं, ह्यात शत्रूच नाही! वाट बंद कोणी केली? माहीत नाही. का केली? माहीत नाही. मग मी ठोकळा आपटू कुणाच्या नावानं?"

"स्वतःच्या कपाळावर आपटा," त्साइफेंग कणीक मळता मळता म्हणाली. "आणि पाय उचला, पीठ तुडवताय."

कथेकऱ्यांचा रिवाज असा, की नवा माणूस गोष्टीत आला की आधी त्याचा चेहरा खुलवायचा. भुवया कशा, अंगात काय, हातात हत्यार कुठलं. पुस्तकात तिकडे अडकलेल्या यानाच्या कप्तानाला तर साधं नाकसुद्धा नव्हतं. चेनशाननं त्याला नाक दिलं, कोळशासारख्या भुवया दिल्या, चंदेरी झगा दिला. चौथ्याच दिवशी शांग बाई सायकल दामटत रेडिओच्या फाटकात हजर.

"यानात झगा? यंत्रात अडकून मरेल ना तो!"

"बाई, झग्याशिवाय तो लोकांना दिसतच नाही. दिसला नाही तर मेला काय, जगला काय!"

"आणि मिशा?"

"त्या माझ्याकडून भेट."

बाईंना हसू आलं, पण ते त्यांनी दाबलं. तिकडे गाव मात्र वेडं झालं. सार्वजनिक न्हाणीघरात, न्हाव्याकडे, बसच्या थांब्यावर एकच विषय, आकाश उघडणार कधी? चाळीस भाग व्हायचे होते. सदतिसाव्यात वाट बंद झाल्याला तीस वर्षं पुरी झाली, सगळी माणसं डोंगरावर चढून आकाशाकडे तोंडं करून बसली, रात्र सरली, आणि चेनशाननं ठोकळा आपटून गाठ मारली, "पूर्वेला एक ठिपका उजळला! आपली माणसं आली की काय?"

त्या शनिवारी सायकल पुन्हा फाटकात.

"मास्तर, तो सूर्य आहे! पुस्तकात तो नेहमीचा सूर्य उगवतो! मग लोकांना आशा कशाला लावलीत?"

"त्याला गाठ म्हणतात!" चेनशानही भडकला. "तुम्ही शेवट बदला. एक यान येऊ द्या. एकच, लहानसं. तीस वर्षं वाट बघणाऱ्या माणसांना तुम्ही नुसती सकाळ दाखवता? लोक मला चपलेनं मारतील!"

बाईंनी सायकल स्टँडवर लावली. मग म्हणाल्या, "मी सतरा वर्षांची असताना सरकारनं मला उत्तरेला पाठवलं, रानात, शेतावर राबायला. नऊ वर्षं. रोज संध्याकाळी आम्ही मुली रस्त्यावर जाऊन उभ्या राहायचो, कुणीतरी परत न्यायला येईल म्हणून. कोणी आलं नाही, मास्तर. एक दिवस मी रस्त्यावर जायचं सोडलं आणि बटाटे लावले. त्या रात्री मला पहिल्यांदा शांत झोप लागली. शेवटी कॉलेजची परीक्षा देऊन परत आले ती माझी मीच. तुम्हाला यान घालायचंच असेल तर माझं नाव काढून टाका."

चेनशान पाय आपटत घरी आला. रविवारी कथेला सुट्टी असे. दोन दिवस तो घरात येरझारा घालत पुटपुटत होता. रविवारी संध्याकाळी एकदम थांबला. सापडलं! यान येत नाही ना? न येवो. माणसं डोंगर उतरतात ना? मग उतरणाऱ्या एकेकाचा चेहरा खुलवायचा. कुणाच्या खांद्यावर झोपलेलं पोर, कुणाच्या हातात रिकामी किटली, कुणी आकाशाला शिवी हासडून हसतोय. पूर्ण भागभर नुसतं उतरायचं, आणि खाली पोचून कामाला लागायचं. असा भाग अठ्ठावीस वर्षांत त्यानं सांगितला नव्हता. रात्री उशिरापर्यंत तो बोलून बघत बसला.

सोमवारी सकाळी तो ध्वनिमुद्रणाला गेला तर मेंग साहेब दारातच उभे. "मास्तर, वरून पत्र आलंय. हा विज्ञानाचा कल्पनाविलास बंद. आजपासून साडेबाराला गाणी."

"तीन भाग राहिलेत, साहेब! दीड तास!"

"दीड मिनिटही नाही."

"अहो, पण मी गाठ मारून बसलोय! लोक ठिपक्याकडे बघत बसलेत!"

"बसू द्या. आणि हे बघा, बाहेरही कुठे सांगत फिरू नका. तुम्हाला नोकरी आहे, मलाही आहे."

झालं. साडेबाराला गाणी लागली आणि चेनशानचं रस्त्यानं चालणं कठीण झालं. "काय मास्तर, ठिपका विझला वाटतं!" "गाठ मारून पळाले, पळाले!" एकेकाला कोपऱ्यात घेऊन शेवट सांगावा, तर सूर्यफुलाच्या बिया वाटाव्यात तशी गोष्ट वाटायची का? आणि मेंग साहेबांची तंबी होतीच. तो दात-ओठ खात घरी यायचा आणि रेडिओच्या खोक्याकडे पाठ करून जेवायचा.

हिवाळा तोंडावर आला तसे कोबीचे ट्रक आले. घरटी पन्नास-साठ गड्डे घ्यायचे, निम्मे माठात आंबवायचे. शंभरेक माणसं रांगेत. चेनशानच्या पुढे फू काकू, गिरणीतल्या निवृत्त कामगार, आवाज भोंग्यासारखा.

"तो ठिपका मोठा मोठा होत गेला," काकू सगळ्यांना ऐकवत होत्या, "आणि त्यातून कप्तान उतरला, तोच, चंदेरी झग्यातला! म्हणाला, आई, उशीर झाला गं."

रांगेनं सुस्कारा सोडला. चेनशानचं डोकं फिरलं. मेंग साहेब गेले खड्ड्यात!

"खोटं आहे! साफ खोटं! कोणीही येत नाही! तो सूर्य असतो!"

"तुम्ही गप्प बसा मास्तर," काकू वळल्या. "तुम्हाला काय ठाऊक? ठाऊक असतं तर रेडिओवरून काढलं असतं का?"

लोक खो खो हसले. "सूर्य म्हणे! सूर्य काय, रोजच येतो!"

"अरे गाढवांनो, गोष्ट मी सांगत होतो!" तो ट्रकवरचा एक गड्डा उगारून ओरडला. तेवढ्यात त्याला मागे शांग बाई दिसल्या, हातगाडी धरून उभ्या. त्याला हायसं वाटलं. "ह्या बघा! लिहिणारीच आली. सांगा बाई ह्यांना. कोणी येतं का?"

बाई त्याच्या अगदी जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "काकू म्हणतात तसंच सांगा."

"काय?"

"रस्त्यावर उभी असताना मी मनात रोज हाच शेवट सांगायची. लिहायची हिंमत झाली नाही. एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या, मास्तर."

चेनशाननं उगारलेला गड्डा खाली घेतला. ज्या शेवटासाठी आपण हिच्याशी भांडलो तो ही आज मागतेय, आणि आपल्याला पटलेला शेवट सांगायचाच राहतोय. पण बाई वाट बघत होत्या. तो कोबीच्या ट्रकच्या फळीवर चढला आणि त्यानं सांगितलं. यान उतरवलं, दार उघडलं, आतून उतरणाऱ्या एकेका माणसाला भुवया दिल्या, कपडे दिले, आयांच्या गळ्यात पडायला लावलं. वजन करणारा माणूस काटा विसरला. फू काकू पदरासारखा रुमाल डोळ्यांना लावून मुसमुसत होत्या, आणि शांग बाई हातगाडीच्या दांड्यावर डोकं टेकून रडत होत्या. टाळ्या थांबेनात.

घरी येऊन त्यानं गड्डे अंगणात भिरकावले आणि जेवणाला हात लावला नाही.

"आता काय झालं?" त्साइफेंगनं विचारलं.

"धडधडीत खोटं सांगून आलो. अख्खं गाव टाळ्या पिटत होतं."

"मग खरं काय होतं?"

"कोणी येत नाही."

"मग ती माणसं काय करतात?"

"डोंगर उतरतात आणि कामाला लागतात."

त्साइफेंग कोबीची वाळकी पानं काढत होती. तिनं मान हलवली. "बरोबरच केलं त्यांनी. मला आवडला."

चेनशान ताडकन उठला. "मग हे रांगेत येऊन बोलायला काय झालं होतं तुला?"

"मला कुणी विचारलं?" ती म्हणाली.