कारेगावात बोट लागली

पाळणा डावीकडं कलला आणि दत्तानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की मला लगेच कळलं, आमरस वर यायला लागलाय.

"दत्ता, गीळ!" मी खालून ओरडले.

"गिळतोय मॅडम, पर त्यो ऐकंना!"

दत्ताच्या हातात रॉकेट होतं. डमी, म्हणजे आत दारू नसलेलं, पण वजन खऱ्याइतकंच. त्याच्या पलीकडं कठड्याला धरून नौदलाचे कमांडर नायर उभे होते, हातात स्टॉपवॉच. आणि स्टॉपवॉच सुरू झालेलं होतं.

आता जरा मागं जाते, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही जत्रेत गेलो होतो.

मी टेस्टिंगची हेड. रांजणगाव एमआयडीसीत, कारेगावला लागून आमचा कारखाना. समुद्र इथून इतका लांब, की आमच्या निम्म्या लोकांनी तो फक्त मोबाईलवर बघितलेला. आणि आम्ही बनवत होतो युद्धनौकेवरचं हत्यार! सांगितलं की लोक आधी हसायचे. माझ्या सासूबाई अजूनही "जहाजाचे पत्रे" म्हणतात. म्हणू देत बापड्या.

नौदलानं नव्या फ्रिगेट बांधायला घेतल्या होत्या. फ्रिगेट म्हणजे मधल्या आकाराची, चपळ लढाऊ नौका. पाणबुडी शोधा, विमान पाडा, मोठ्या जहाजांच्या सोबतीला जा, सगळं तिच्याच गळ्यात. तिच्यावर तोफ असते, क्षेपणास्त्रं असतात आणि पेपरात फोटो त्यांचेच छापून येतात. आमच्याकडं होता चकव्याचा लाँचर. शत्रूचं क्षेपणास्त्र नौकेवर चालून आलं, की हा लाँचर रॉकेटं उडवतो. ती हवेत फुटतात आणि मिठाईवरच्या वर्खासारख्या पातळ पट्ट्यांचा ढग पसरतो. क्षेपणास्त्राला वाटतं हीच नौका, आणि ते तिकडं जातं. नौका वाचते. फोटो कुणी काढत नाही, पण शेकडो माणसं घरी परत येतात. मला हे काम जीव तोडून आवडायचं.

आधी आमचा कारखाना साखर कारखान्यांचे कन्व्हेयर बनवायचा. "शेठ, हे आपण करू शकतो," असा हट्ट मी धरला आणि आमचे मालक विलासशेठ माझ्या भरवशावर यात उतरले. चार वर्षं त्यात गेली. त्या दिवशी पहिल्या लाँचरची शेवटची टेस्ट होती. पास झाला, तर या क्लासच्या सगळ्या नौकांवर आमचा लाँचर. क्लास म्हणजे एकाच डिझाइनच्या सख्ख्या बहिणी. नापास झाला, तर दुसरी एक कंपनी स्वतःचा लाँचर घेऊन तयारच बसली होती. मग आम्ही परत कन्व्हेयरला, आणि मी कुठल्या तोंडानं शेठसमोर उभी राहणार होते, देव जाणे.

टेस्ट अशी. लाँचर एका लोखंडी डेकवर बसवायचा. डेकखाली सहा हायड्रॉलिक पाय. ते डेकला खवळलेल्या समुद्रासारखं हलवतात. डावी-उजवीकडं डोलणं म्हणजे रोल, पुढं-मागं झुकणं म्हणजे पिच. आमची पोरं त्या सगळ्या प्रकाराला पाळणा म्हणायची. पहिल्या भागात डेक कसाही हलला तरी लाँचरनं नेम सोडायचा नाही. दुसऱ्या भागात दोन माणसांनी, हलत्या डेकवर, ठरलेल्या वेळात सगळ्या नळ्यांमध्ये हातानं रॉकेटं भरायची. एक रॉकेट भरल्या गॅस सिलिंडरपेक्षा थोडं हलकं. एक नियम पक्का होता: माणूस बदलला तर चालेल, पण तो ट्रेनिंग झालेला हवा, आणि घड्याळ थांबणार नाही.

टेस्ट सकाळीच उरकायची होती. पण नायर साहेबांची गाडी शिक्रापूरच्या चौकात कंटेनरांच्या मागं अडकली. ते पोचले तेव्हा जेवायची वेळ झाली होती. आणि तिथंच घात झाला.

कारण गेटवर आबा उभे होते. आबा म्हणजे शेठचे वडील. तळेगाव ढमढेऱ्याची बागायती, डोक्याला फेटा, आणि कारखान्यात कुठलंही पद नसताना सगळ्यांचे साहेब. त्यांनी घरून आमरसाची पातेली, पुऱ्या, कुरडया, भजी, सगळं टेम्पोत घालून आणलं होतं.

"आबा, आधी टेस्ट," मी म्हणाले.

"पाव्हणा उपाशी मशिनीवर चढवायचा? आमच्यात न्हाई तसं. बस पोरी, तू बी बस."

"आबा, तो पाळणा हलतो."

"म्हंजी ताकद लागंल. अजून येक वाटी घे."

आता आबांना नाही म्हणणारा माणूस आमच्या तालुक्यात जन्मायचाय. नायर साहेब "बस, बस" म्हणत राहिले आणि आबांना मराठीशिवाय काही कळत नाही, असं आबांनीच ठरवलं. रॉकेटं भरणारे दोघं, तळेगावचा दत्ता आणि कारेगावात खोली घेऊन राहणारा बिहारचा मुन्ना, यांच्या पानाशी तर आबा स्वतः वगराळं घेऊन बसले. "ह्येंनी मेहनत करायची हाय!" माझं म्हणाल, तर माझ्याही तीन वाट्या झाल्या. काय करू, हापूस होता हो!

पहिला भाग झकास झाला. डेक वेडावाकडा नाचत होता आणि लाँचर एका जागी नजर रोखून शांत. नायर साहेब पहिल्यांदा हसले. मला शिट्टी मारावीशी वाटली, पण हेड आहे, मारली नाही.

मग दुसरा भाग. पट्टे बांधून दत्ता आणि मुन्ना वर चढले. नायर साहेब म्हणाले, "मैं भी ऊपर खड़ा रहूँगा, पास से देखना है." आणि पाळणा सुरू झाला.

पहिली काही रॉकेटं सटासट गेली. नळीत सरकवायचं, फिरवायचं, लॉक खट् वाजलं की पुढचं. आणि मग ते झालं, जे मी सुरुवातीला सांगितलं. दत्तानं हातातलं रॉकेट कसंबसं लॉक केलं, पट्टा सोडला आणि शिडीवरून खाली उतरून कोपऱ्याकडं धूम ठोकली.

मुन्ना एकटा. त्यानं एकट्यानं जीव खाऊन अजून एक रेटलं. मग तो डेकवर मटकन बसला. "मैडम, ई तो नाव से भी जादा डोलता है." आणि तोही शिडीकडं. त्याला बघून बाजूला उभ्या स्टोअर कीपरचा चेहरा हिरवा झाला. त्याला बघून शेठचा. शेठ तर पाळण्यावर चढलेही नव्हते! सगळी शॉप, म्हणजे शेडमधली झाडून सगळी माणसं, एकमेकांकडं बघत तोंडावर हात धरून उभी.

आबा बादली घेऊन धावले. फेटा सुटत आलेला, हातात बादली, आणि म्हातारा मुन्नाच्या पाठीवरून हात फिरवतोय. "बाळा, मीच घातला रं घोळ." वर माझ्याकडं बघितलं, तर डोळ्यांत पाणी. "पोरी, चार वरसं तू मरमर केलीस आन् म्या येका जेवणात मातीत घातली."

मला आबांवर चिडायचं होतं. खरंच चिडायचं होतं. पण त्या म्हाताऱ्याचा चेहरा बघितला आणि मी हेल्मेट उचललं.

ट्रेनिंग झालेलं तिसरं माणूस कोण? मीच. त्या दोघांना शिकवलं होतं कुणी? मीच. फक्त पाळणा बंद ठेवून. हलत्या डेकवर मी आयुष्यात पाय ठेवला नव्हता. मला तर शिरूरच्या एसटीतसुद्धा गाडी लागते.

"मॅडम, यू आर शुअर?" नायर साहेब.

"घड्याळ बघा साहेब, माझ्याकडं नका बघू."

पट्टा बांधला. डेक पायाखालून निघून गेला, परत आला, छातीवर आला. पहिलं रॉकेट मी उचललं की त्यानं मला, सांगता येत नाही. कसंबसं नळीच्या तोंडाशी नेलं, पण एकटीच्यानं ते पुढं ढकलवेना. माणसं दोन हवीत, ती काही उगाच लिहिलेली नाहीत.

तेवढ्यात शिडी वाजली. दत्ता! तोंड धुतलेलं, गाल लाल, डोळे लखलखीत.

"मॅडम, पोट रिकामं झालं. आता काय बी सांगा!"

तुम्हाला सांगते, तो माणूस असा सुटला, की बास. खट्. खट्. तो गाणं म्हणत होता, मी मनात रामनाम. आमरस घशापर्यंत यायचा, मी त्याला दटावून परत पाठवायची. खालून आबा ओरडत होते, "हाण! हाण! आलं, आलं!" बैलगाडा शर्यतीत ओरडतात तसं. मग सगळी शॉपच ओरडायला लागली. मुन्नासुद्धा, बादलीत तोंड घालून.

शेवटचं लॉक खट् वाजलं. नायर साहेबांनी स्टॉपवॉच दाबलं, बघितलं, परत बघितलं.

"विदिन टाइम," ते म्हणाले.

मी मान हलवली, सावकाश शिडी उतरले, आबांच्या हातातली बादली घेतली आणि चार वर्षांचा सगळा ताण तिच्यात ओतून टाकला. टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यात मला पडलेल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या त्याच.

नायर साहेब कठड्याला टेकून उभे होते. "मॅडम, सगळ्या कंपन्या टेस्टला पैलवान उभे करतात. पण खऱ्या समुद्रात क्रूचं हेच होतं. आजारी माणूस रॉकेट भरू शकतो का, हे मी आज पहिल्यांदा बघितलं. लाँचर चांगला आहे. पास." एवढं बोलून त्यांनी सही केली, पेन खिशाला लावलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "दूसरी बाल्टी है?"

साहेब बरीच वर्षं दिल्लीत ऑफिसच्या टेबलावरच होते म्हणे.

काही आठवड्यांनी बाकीच्या सगळ्या बहिणींची ऑर्डर आली. शॉपमध्ये नाचानाच झाली. आबा पेढ्यांचा पुडा घेऊन आले, पण दारातच थांबले. टेस्टच्या दिवसापासून त्यांनी कुणाला पाणीसुद्धा आग्रहानं दिलं नव्हतं. पुडा छातीशी धरून पाळण्याकडं बघत उभे राहिले.

या धंद्यातला धडा एवढाच: टेस्ट आधी, जेवण मग. तो आता आमच्या शॉपमध्ये पाटीवर रंगवलाय. पण मी सरळ जाऊन आबांसमोर हात पसरला.

"आबा, पेढा."

"नगं पोरी. तरास व्हईल."

"आबा, पाळणा बंद आहे."

म्हाताऱ्यानं एकदा पाळण्याकडं खात्री करून बघितलं. मग पुडा फोडला आणि माझ्या हातावर चार पेढे ठेवले.

"मंग लाजती कशाला? अजून घे."